मुक्ताईच्या गावात पायी चालायला जागा द्या

ज्या गावातून साडेपाचशे किलोमीटरहून लांबची वाट तुडवत पालखी पंढरपूरला जाते, त्या गावात एस.टी. स्टँडपासून देवळापर्यंत म्हातारीला निर्धास्त चालता येत नसेल, तर विकास नेमका कुणाचा झाला? हा प्रश्न मुक्ताईनगरच्या प्रत्येक माणसानं विचारायला हवा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायला हवा.

हे गाव चालणाऱ्यांनी मोठं केलं. आळंदी, सासवडला भावांनी समाधी घेतल्यावर ज्ञानदेवांची धाकटी बहीण मुक्ताई थोरल्या निवृत्तीनाथांसोबत चालत तापीतीरी आली आणि शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, वीज कडाडली तेव्हा इथंच गुप्त झाली, असं परंपरा सांगते. तिची पालखी तीनशे वर्षांहून अधिक काळ पंढरीला जाते. ज्येष्ठात निघते, बुलढाणा, जालना, बीड ओलांडते आणि महिनाभराहून जास्त दिवस चालून आषाढीला पोचते. मानाच्या पालख्यांत तिची गणना होते आणि सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांत ती आहे. २०२० मध्ये करोनामुळे पादुका एस.टी.नं न्याव्या लागल्या, तेव्हा वारकऱ्यांच्या जिवाला काय लागलं ते खान्देशानं पाहिलं. निर्बंध उठले आणि माणसं पुन्हा पायी निघाली. गाडी होती, रस्ता होता, तरी पायीच.

माघात महाशिवरात्रीला उलट दिशेनं पाय वळतात. खान्देश, विदर्भ, मध्य प्रदेशातून दिंड्या मुक्ताईच्या जुन्या देवळाच्या कोथळीला आणि संगमावरच्या चांगदेवला येतात. त्या दिवसांत हार-फुलं, प्रसाद, चहा, फराळ, भांडी, खेळणी, बांगड्या यांचा जो व्यवहार होतो, तो सगळा चालणाऱ्या माणसाच्या हातून होतो. चालणारा थांबतो, दुकानात डोकावतो, भाव विचारतो, पाणी मागतो आणि जाता जाता काहीतरी घेतो. ऐंशीच्या वेगानं जाणारी मोटार यातलं काही करत नाही. तरीही गावच्या भरभराटीचं सगळं गणित आपण त्या मोटारीसाठी मांडतो.

मुक्ताईनगर महामार्गावरचं गाव आहे. पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो आणि तो चौपदरी झाला आहे. जामनेर, बोदवडकडून येऊन बऱ्हाणपूर, खंडव्याकडं जाणारा ७५३ एल हा दुसरा राष्ट्रीय महामार्गही इथूनच जातो. दोन राष्ट्रीय महामार्ग एका तालुक्याच्या गावात भेटतात, ही मोठी गोष्ट आहे. केळी दिल्लीपर्यंत लवकर पोचते, आजाऱ्याला जळगावला लवकर नेता येतं. रस्ते हवेतच. पण महामार्ग गावाला जगाशी जोडतो आणि त्याच वेळी गावाचे दोन तुकडे करतो. अलीकडची शाळा आणि पलीकडचं घर यांच्यामध्ये चार पदर उभे राहतात. या बाजूची माणसं त्या बाजूला कशी जातील, हे रस्ता आखतानाच ठरवायचं असतं. आपल्याकडं ते कुणीतरी गाडीखाली आल्यावर ठरतं.

याच ५३ क्रमांकाच्या महामार्गावर अमरावती ते अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची नोंद गिनेस बुकात गेली. अभिमानाची गोष्ट आहे. पाच दिवसांत ७५ किलोमीटर डांबर घालू शकणारी यंत्रणा आपल्याकडं आहे, माणसं आहेत, यंत्रं आहेत, पैसा आहे. मग गावाच्या चौफुलीवर पायी माणसासाठी दोन-तीन किलोमीटरची धड वाट होत नाही, तेव्हा अडचण पैशाची किंवा कौशल्याची आहे, असं कुणी सांगू नये. अडचण आहे ती कुणाला मोजायचं याची.

सकाळी शाळेच्या वेळेला तालुक्याच्या कुठल्याही चौफुलीवर उभं राहून पाहा. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. फार चांगली योजना आहे. सायकलीमुळं किती मुलींचं शिक्षण टिकलं, हे शिक्षकांना विचारा. आता त्या मुलीकडं पाहा. दप्तर कॅरिअरला, डबा हँडलला. डांबर संपतं तिथं चार बोटांचा खड्डा, पुढं गिट्टीची साईडपट्टी. डांबरावर राहावं तर मागून केळीचा ट्रक हॉर्न देतो. खाली उतरावं तर पुढचं चाक गिट्टीत घसरतं. शेवटी ती सायकलवरून उतरते आणि हातात धरून चालते. सरकारनं तिला सायकल दिली, सायकल चालवायला वाट दिली नाही. योजना अर्धीच राहिली.

आता फुटपाथ बघा. तालुक्याच्या गावांत बहुतेक ठिकाणी फुटपाथ म्हणजे गटारीवर टाकलेले ढापे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, त्यामुळे गुडघे दुखणारी बाई त्यावर चढतच नाही. मध्ये विजेची डीपी, पुढं दुकानाची पाटी, त्यापुढं आडव्या लावलेल्या मोटारसायकली, एक ढापा फुटलेला. बाई रस्त्यावरूनच चालते आणि गाडीवाला तिलाच ओरडतो, "बाजूनं चाला की!" बाजू असती तर ती बाजूनंच चालली असती.

यासाठी नवा शोध लावायला नको. भारतीय रोड काँग्रेसनं २०१२ मध्येच पायी माणसासाठी मानकं ठरवून दिली आहेत. चालायची मोकळी जागा निदान १.८ मीटर रुंद हवी आणि काठ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. सोप्या भाषेत सांगायचं तर सहा फूट रुंद आणि सहा इंच उंच. एवढे दोन आकडे पाठ करा. पुढच्या वेळी गल्लीत पेव्हर ब्लॉकचं काम निघालं की टेप घेऊन जा आणि ठेकेदाराला हे दोन आकडे विचारा.

पायी माणसाची किंमत कागदावर दिसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते. दर पाच मृतांमागे जवळपास एक जण असा, जो कुठल्याही वाहनात बसलेला नव्हता. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, सुरक्षित फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि पादचाऱ्यांच्या हक्कांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सादर करायला केंद्राला दोन महिन्यांची मुदत दिली. देशाचं सर्वोच्च न्यायालय ज्याला हक्क म्हणतं, ते आपण गावात अजून सोय म्हणून, मेहेरबानी म्हणून मागतो. मागण्याची भाषा बदलली पाहिजे.

आणि चालणारे थोडे आहेत, असंही नाही. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामकऱ्यांना कामावर कसे जाता हे विचारलं गेलं. तिघांमागे एकाहून जास्त जण पायी किंवा सायकलवर जाणारे निघाले. शाळकरी मुलं, बाजाराला जाणाऱ्या बाया, देवदर्शनाला येणारे वारकरी त्या हिशेबात धरलेलेही नव्हते. रस्त्यावर एवढ्या मोठ्या संख्येनं असलेल्यांना रस्त्यात वाटा मिळत नाही, हा सरळ अन्याय आहे.

सध्या गावोगावी जॉगिंग ट्रॅकचं वारं आहे. गोल ट्रॅक, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि दारात उद्घाटनाची कोनशिला. व्यायामाला माझा विरोध नाही. जळगावात मेहरूण तलावाकाठी सकाळ-संध्याकाळ माणसं फिरतात, त्यांच्या तब्येतीला आणि शहराच्या जीवाला ते चांगलंच आहे. पण गोल ट्रॅक माणसाला जिथून निघाला तिथंच आणून सोडतो. मजूर, विद्यार्थिनी, भाजीवाली यांना घरातून कामावर, शाळेत, बाजारात पोचायचं असतं. त्यांना कुठंतरी नेणारी वाट हवी. गावाचा जीव त्या वाटेनं परत येतो.

शहरांच्या चुका आपण पुन्हा करू नयेत. मुंबईत पवई तलावाच्या काठाला भराव टाकून सायकल ट्रॅक निघाला. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला आणि तलाव पूर्ववत करायला सांगितलं. पुण्यात २०१७-१८ च्या सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली हजारोंनी आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल आणली, पण तिला निर्धोक रस्ता नव्हता. पाणथळ जागेवर काँक्रीट ओतून सायकलप्रेम सिद्ध होत नाही, आणि वाट न करता वाहन आणलं तर ते टिकत नाही.

चांगली उदाहरणंही जवळच आहेत. माथेरानला मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि पुढं पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेनं जायचं. तिथली बाजारपेठ पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या पाहुण्यांवर उभी आहे. परदेशात पाहायचं तर न्यूयॉर्ककडं कशाला पाहता? स्पेनमधलं पाँतेवेद्रा पाहा, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढं शहर. १९९९ पासून तिथल्या नगराध्यक्षांनी मधला भाग चालणाऱ्यांच्या हवाली केला. सुरुवातीला दुकानदार धास्तावले होते, पण ओस पडत चाललेला मध्यभाग पुन्हा भरला. कोलंबियाच्या बोगोटात १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते मोटारींना बंद करून लोकांना चालायला, सायकल चालवायला देतात. श्रीमंत देशाची चैन म्हणून हे झालं नाही. धुळीच्या, गर्दीच्या शहरानं स्वतःच्या माणसांसाठी ते केलं.

मग मुक्ताईनगरात काय करायचं? एक वाट. एस.टी. स्टँडपासून गावातल्या मुक्ताईच्या नव्या मंदिरापर्यंत, तिथून कोथळीच्या जुन्या मंदिरापर्यंत. अखंड, कुठंही न तुटणारी. सहा फूट रुंद, सहा इंच उंच, शेजारी सायकलला वेगळा पट्टा. रस्ता ओलांडायच्या जागी वाहनांचा वेग ताशी ३० वर आणणारे उंचवटे. वाटेत शाळा, दवाखाना, बाजार येतील अशी आखणी करायची, म्हणजे वारीचे दिवस सोडूनही ती वर्षभर गावाच्या उपयोगी पडेल. पुढचा टप्पा सायकलचा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवचं जुनं देऊळ आहे. ज्याच्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं आणि ज्यानं मुक्ताईला गुरू केलं, त्या चांगदेवांचं ते ठिकाण. शिष्याचं देऊळ आणि गुरूचं देऊळ एका तालुक्यात, सायकलनं आरामात जाण्याच्या अंतरावर. महाराष्ट्रात अशी जोडी दुसरीकडं शोधून दाखवा.

त्याच पाण्यावर हतनूर धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. भुसावळजवळचं हे ४१ दरवाजांचं धरण १९८२ चं. त्याच्या जलाशयाला महत्त्वाचं पक्षिक्षेत्र म्हणून मान्यता आहे. हिवाळ्यात दूरदेशीची बदकं इथं उतरतात, पक्षी पाहणारे दुर्बिणी घेऊन येतात. देऊळ, संगम, पक्षी आणि केळीच्या बागांतून जाणारी सावलीची वाट एवढं असलं, तर माणूस गावात एक रात्र राहील. जेवेल, भरीत-पुरी खाईल, केळी घेऊन जाईल. आज तो गाडीतून उतरतो, दर्शन घेतो आणि तासाभरात भुसावळ गाठतो.

इथं दोन गोष्टी काटेकोर पाळायच्या. चांगदेवचं देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. अशा वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. तेव्हा तिथं कमानी, काँक्रीटचे चौथरे, सिमेंटचे हत्ती नकोत. मातीची चोपून बसवलेली वाट पुरे. आणि पूर्णेचा काठ काठच राहू द्यायचा, त्यात भराव घालायचा नाही.

आणखी एक गोष्ट सावलीची. ही खान्देशातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. चौपदरीकरणात महामार्गाच्या कडेची जुनी झाडं गेली. त्या झाडांखाली पिढ्यान्‌पिढ्या वाटसरू, बैलगाडीवाले, वारकरी थांबले. युरोपातला नकाशा आणून इथं उघडा ट्रॅक केला, तर एप्रिल ते जून तो तव्यासारखा तापेल आणि कुणी फिरकणार नाही. म्हणून आधी झाडं, मग फरशी. निंब, वड, पिंपळ, उंबर, चिंच. शोभेची खजुरं नकोत, त्यांची सावली त्यांच्या बुडालाही पुरत नाही. रोप लावल्याचा फोटो पुरेसा नाही, तीन उन्हाळे पाणी घालायचं काम कुणाचं हे कागदावर हवं. वाटेत ठिकठिकाणी पाणपोई, बसायला ओटा आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. स्वच्छतागृह नसेल तर अर्धा समाज त्या वाटेवर येणार नाही, हे आराखडा करणाऱ्या पुरुषांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

लोक म्हणतील, जागा कुठं आहे? जागा आहे. उभ्या मोटारींनी अडवलेली आहे. रस्त्यावर फुकट गाडी लावणं हा कुणाचा हक्क नाही, फुटपाथवर चालणं हा हक्क आहे. लोक म्हणतील, लोटगाडीवाल्यांचं काय? त्यांना हाकलायचं नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं आहे, नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. वाट आखतानाच त्यांच्या जागा आखा. चालणारा वाढला की पहिली कमाई लोटगाडीवाल्याचीच वाढते, आणि लोटगाडी असली की संध्याकाळी वाटेला जाग राहते, मुलींना भीती वाटत नाही. लोक म्हणतील, पैसा? दर वर्षी कुठलीतरी गल्ली उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉक बसतात, तो पैसाच आहे. तो तुकड्या-तुकड्यांनी उडवण्याऐवजी सलग एका वाटेवर लावा.

आणि सरकारला हे सुचत नाही असंही नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्या महामार्गांच्या दोन्ही बाजूंना पायी वारकऱ्यांसाठी वेगळी वाट आराखड्यातच धरली आहे. म्हणजे महामार्ग आणि पायवाट एकत्र होऊ शकतात, हे केंद्र सरकारनं स्वतः मान्य केलं आहे. ज्ञानोबांच्या पालखीला जी वाट मिळते, ती त्यांच्या धाकट्या बहिणीच्या पालखीलाही मिळाली पाहिजे. ही मागणी मुक्ताईनगरानं करायची नाही तर कुणी करायची? आमदार, खासदार कुठल्या पक्षाचे आहेत हा प्रश्नच नाही. मुक्ताईपुढं सगळेच हात जोडतात. हात जोडणाऱ्या प्रत्येकाकडून ही वाट मागून घ्यायची.

२०१८ मध्ये मुक्ताईनगरची नगरपंचायत झाली. ग्रामपंचायत गेली, आता नगररचनेचे नियम लागू होतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा जाहीर करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. हा कागद बहुतेक लोक वाचत नाहीत, फक्त ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडतं तो वाचतो. गावाचे पुढच्या वीस वर्षांचे रस्ते त्या कागदावर ठरतात आणि तेव्हा चालणाऱ्यांच्या बाजूनं एकही अर्ज आलेला नसतो.

म्हणून मुक्ताईनगरकरांनो, तीन गोष्टी करा. आराखडा हाती आला की आधी फुटपाथ आणि सायकलची वाट शोधा. नसेल तर हरकत लिहून पोच घ्या. भजनी मंडळानं, बचत गटानं, शाळेच्या पालकांनी वेगवेगळे अर्ज द्या, एकाच अर्जावर शंभर सह्या नकोत. मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा, एस.टी. स्टँडपासून कोथळीच्या देवळापर्यंत माझी आई एकटी चालत कधी जाईल? तारीख मागा. आणि पुढच्या ज्येष्ठात पालखी निघेल तेव्हा नगरपंचायतीच्या आणि महामार्गाच्या अधिकाऱ्यांना वारकऱ्यांसोबत गावाच्या वेशीपर्यंत पायी चालायला बोलवा. मोटारीत बसून ही वाट आखता येणार नाही.